आत्याच्या मांडीवरचं संख्याशास्त्र

"आकड्यांना नातीगोती नसतात!"

हेनेलेने हे जाहीर केलं तेव्हा गुरुवारची संध्याकाळ होती. अंगणात कावा, म्हणजे मुळं कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायची बैठक भरली होती आणि आमच्या बेटाच्या नेइआफू बंदरातलं पाणी इतकं गप्प होतं, की नांगरलेल्या होड्या झोपेत कूस बदलावी तशा हळूच वळत होत्या. हेनेलेच्या हातात करवंटी होती, मान ताठ होती आणि आवाजात अध्यक्षीय भाषणाची धार होती.

"माणसाचं काय असतं? एकाला बोलवा, त्याचा काका येतो, मेव्हणा येतो, मेव्हण्याचा साडू येतो. आकडा एकटा येतो, काम करतो, जातो! म्हणून मी आयुष्यभर आकड्यांत रमलो."

"वा!" शेजारी बसलेला कितिओने म्हणाला. "मग तुझ्या पाठीमागे कोण उभं आहे ते जरा बघ."

पाठीमागे हेनेलेच्या बायकोच्या मावसबहिणीचा दीर उभा होता. शनिवारच्या मेजवानीला आला होता. दोन दिवस आधी. बरोबर सहा माणसं आणि एक डुक्कर.

हेनेलेने करवंटी खाली ठेवली आणि पाहुण्यांसाठी चटया आणायला उठला.

बेटाच्या आरोग्य कचेरीत हेनेले एकोणतीस वर्षं नोंदी ठेवत होता. जन्म, मृत्यू, गोवर, जुलाब, नारळ डोक्यात पडून झालेल्या जखमा, सगळं त्याच्याकडे ओळीत लावलेलं. आणि आता ऑकलंडहून जीवसंख्याशास्त्राचा, म्हणजे आजारांच्या आकडेमोडीचा, सहा आठवड्यांचा वर्ग सुरू होणार होता, पडद्यावरून. आमच्या बेटाला नऊ जागा मिळाल्या होत्या. अट एकच. सोमवारी सकाळी नऊ वाजता नऊच्या नऊ लॅपटॉपवर सॉफ्टवेअर आणि त्याला जोडायची छोटी पॅकेजेस बसलेली हवीत, आणि प्रत्येक पडद्यावर नमुन्याची एक वळणदार रेघ उमटलेली दिसायला हवी. नाही दिसली, तर जागा रांगेतल्या पुढच्या बेटाला.

या वर्गाची खरी गरज होती माआताला. माआता परिचारिका. अकरा वर्षं ती दर गुरुवारी साखरेच्या रोग्यांचे पाय तपासत होती. बोटांच्या बेचक्यांतून बॅटरी मारून बघायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची, आणि रोग्याला असं झापायची की तो पुढच्या गुरुवारी निमूट हजर. आता वरून पत्र आलं होतं. नवीन वर्षापासून गुरुवारचा दवाखाना बंद. त्याचा उपयोग होतो याला पुरावा नाही.

"पुरावा आहे, हेनेलेदादा," ती म्हणाली होती. "चौदा वह्या भरून आहे! पण वह्या कोण वाचतंय? त्यांना वाचता येईल अशी ती रेघ मला काढता आली पाहिजे. तुम्ही फक्त सोमवारी ते यंत्र चालू करून द्या. पुढचं मी बघते."

"झालं म्हणून समज!" हेनेले म्हणाला.

सॉफ्टवेअरचं नाव एका अक्षराचं. आर. ऑकलंडमध्येच जन्मलेलं, म्हणजे तसं शेजारचंच पोर. ते निमूटपणे येऊन बसलं. मग वर्गाच्या यादीतली चार पॅकेजेस मागवायची होती. हेनेलेने पहिल्याचं नाव टाइप केलं, आणि पडद्यावर उत्तर आलं, की मी येतो, पण माझे अकरा जण माझ्याबरोबर आहेत. त्या अकरांना विचारलं, तर प्रत्येकाची आणखी पाच-सात मंडळी धक्क्यावर उभी! कुणी रंग पुरवणारा, कुणी अक्षरं जुळवणारा, एक तर फक्त तारखा नीट वाचून दाखवायला निघालेला. हेनेलेने बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. एकूण एकशे सत्तावीस.

"लग्नाला निघालेत का रे हे?" कितिओनेने विचारलं.

नऊ लॅपटॉपवर एवढं वऱ्हाड उतरवायचं तर आमच्या इंटरनेटला नाताळ उजाडला असता. म्हणून हेनेलेने बेत आखला. कचेरीच्या एका जादा लॅपटॉपवर सगळं उतरवायचं, तिथे चालवून बघायचं आणि मग पेनड्राइव्हवरून बाकीच्या नऊंना वाटायचं. इंटरनेट यायचं ते संबंध अंगणात एकाच जागी, नीरफणसाच्या झाडाखाली. गुरुवारी रात्री त्याने लॅपटॉप लांब वायर जोडून तिथे ठेवला. शुक्रवारी तो तिथेच होता. शनिवारी सकाळी त्याच्याभोवती मांडव उभा राहिला.

कारण शनिवारी हेनेलेच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता.

आमच्याकडे पहिला वाढदिवस म्हणजे बाळ हे निमित्त. मान असतो आत्याचा. घराण्यातली सर्वांत थोरली आत्या मांडवात उंच जागी बसते, तिच्यासमोर सर्वांत बारीक विणीची चटई अंथरतात आणि त्या चटईवर जे जे ठेवलं जाईल ते ते आत्याचं होतं. देताना कां-कूं करायची नाही. परत मागायचं तर मनातसुद्धा आणायचं नाही. हेनेलेच्या लुसेआने आत्यांचं वय एक्याऐंशी. पंधरा वर्षांपूर्वी एका हेडमास्तरांनी घाम पुसताना चुकून चष्मा त्या चटईवर ठेवला. आत्या अजून तो वापरतात. हेडमास्तर अजून चाचपडत असतात.

"तो लॅपटॉप तिथून काढ," हेनेलेची बायको लोसालिने म्हणाली. "चटई अंथरायची आहे."

"पाच मिनिटं! एकशे एकोणीसवर आलंय!"

"अरे, आत्या धक्क्यावर उतरल्यात."

"म्हणजे अजून वीस मिनिटं आहेत. आत्या वाटेत सगळ्यांना नावं ठेवत येतात. चटई त्याच्याखाली सरकवा, लॅपटॉप वरच राहू दे. झाडाखालून हलवलं की इंटरनेट तुटतं!"

लोसालिने त्याच्याकडे बघत राहिली. एकोणतीस वर्षं आकडे मोजलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे किती हे कळत नसावं, याचं तिला नवल वाटलं नाही. तिने चटई लॅपटॉपखाली सरकवली.

मग पाद्रीबुवांची प्रार्थना लांबली, डुकरं भाजून आली, अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण आलं, केक चार मजली आला, बाळ केक बघून रडलं. या गडबडीत हेनेले वाढपात अडकला. आणि कितिओने आहेर पुकारायला उभा राहिला.

कितिओनेच्या घराण्याकडे पुकारण्याचा मान पिढीजात आहे. पुकारताना तो डोळे मिटतो, वाऱ्यात झुलतो आणि चटईवर जे असेल ते नावानिशी पुकारतो. मुखातून नाव निघालं की वस्तू पोचली.

"पाच बारीक चटया!" कितिओने झुलत म्हणाला. "सालीचं रंगवलेलं कापड, पन्नास हात! दोन रजया! केकचा वरचा मजला! आणि..." त्याने एक डोळा किलकिला केला. चटईच्या मधोमध काहीतरी निळसर लुकलुकत होतं. कितिओने क्षणभर गडबडला. पण पिढीजात माणूस तो, थांबेल कसा? "...आणि दिव्यांची एक पेटी! ऊबदार!"

"अरे नाही!" मांडवाच्या टोकावरून, हातात मटणाचं पातेलं घेतलेला हेनेले ओरडला.

दोनशे माना त्याच्याकडे वळल्या. आत्यांनी हेडमास्तरांच्या चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं.

"काय नाही, बाळा?"

"नाही म्हणजे... एवढंच नाही. पातेलंही आहे!" हेनेले म्हणाला आणि मटणाचं पातेलं चटईवर ठेवून आला.

दुपार झाली. उन्हाने समुद्रावर साय धरली. दोनशे माणसं पोटभर जेवून जिथे बसली होती तिथेच कलंडली. डुलक्या एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेल्या. आधी म्हातारे, मग मुलं, मग कुत्री. पुकारणारा कितिओने बसल्याबसल्या घोरू लागला. नीरफणसाची पानं मंद हलत होती आणि त्याच झाडाखालच्या उंच जागेवर लुसेआने आत्या लॅपटॉप मांडीवर घेऊन, त्याच्या उघड्या झाकणावर हात ठेवून, संधिवाताचे गुडघे शेकत होत्या. त्यांच्या चष्म्याच्या काचांतून पांढरी अक्षरं वरवर सरकत होती. जणू म्हातारीच्या डोळ्यांतून मुंग्यांची रांग देवाघरी निघाली होती.

खाली पायाशी हेनेले बसला होता. आत्याच्या मांडीवरच्या वस्तूला हात लावायचा नाही, आत्यापेक्षा उंच बसायचं नाही, मागायचं तर नाहीच. तो नुसता मान वर करून काचांतली उलटी अक्षरं वाचत होता. वाचता वाचता त्याचेही डोळे जडावले.

त्याला दिसलं, की खाडीतून होड्या येताहेत. एकशे सत्तावीस होड्या, एकही आवाज न करता. प्रत्येक होडीत एक पॅकेज, कमरेला चटई गुंडाळलेलं, खांद्यावर कंदांची टोपली. पाण्यावर रंग पुरवणारे उतरले, अक्षरं जुळवणारे उतरले, तारखावाला सूर्याकडे बघत उतरला. सगळे वाळूवर मानाप्रमाणे ओळीने बसले आणि कुणीच काही बोलेना, कारण सर्वांत मागच्या होडीतून अजून कुणीतरी यायचं होतं. पाणी लुकलुकत होतं. हेनेलेला वाटलं, असंच बसून राहावं. संख्याशास्त्र म्हणजे हेच असावं. सगळे एकमेकांचे कोण लागतात ते कळणं...

"हेनेले! ही पेटी थांबली."

तो दचकून उठला. काचांतल्या मुंग्या थांबल्या होत्या.

"प्रश्न विचारतेय ती, आत्या."

"कुणाला?"

"तुम्हाला. आता तुमचीच आहे ना. विचारतेय, की आणखी एक जण बाहेर उभा आहे. त्याचे तयार कपडे नाहीत, इथेच बसून शिवून घालावे लागतील. येऊ देऊ का?"

"पाव्हण्याला नाही म्हणतात होय? कुठे दाबायचं?"

"ते वायचं बटण. मग ई, मग एस. मग ते मोठं."

आत्यांनी एकेका बटणावर बोट असं रोवलं, जणू कंद लावत होत्या. मुंग्या पुन्हा चालू लागल्या. हेनेलेच्या जिवात जीव आला. पाच मिनिटांनी पुन्हा प्रश्न आला, आत्यांनी पुन्हा परवानगी दिली. तिसऱ्या वेळेस मात्र त्यांच्यातली आत्या जागी झाली.

"कोण आहे हा? कुणाचा?"

"रंगवाल्याचा चुलता, आत्या."

"करतो काय?"

"टक्केवारीला टिंब देतो."

"बरं. येऊ दे. बसव मागे." मग चौथा आला. "आणि हा?"

इथे हेनेले चुकला. खरं तर काहीही सांगता आलं असतं. पण दुपारची गुंगी होती, आणि स्वतःचं ज्ञान दाखवायची संधी एकोणतीस वर्षांत फार थोड्या वेळा आली होती.

"हा सगळ्यांत मोठा पाहुणा, आत्या! माणूस किती दिवस जगेल ते हा सांगतो!"

आत्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ते कोण सांगतो?"

"हा... पॅकेज..."

"ते देव सांगतो." आत्यांनी पाद्रीबुवांच्या दिशेने पाहिलं. पाद्रीबुवा केकशेजारी गाढ झोपले होते. "आणि देवही आधीपासून सांगत नाही. म्हणजे हा देवापेक्षा शहाणा! असला माणूस मी बाळाच्या मांडवात घेणार नाही. 'नाही'चं बटण कुठलं?"

"आत्या, थांबा! तसं नाही..."

"एन असेल. नाहीचं एन," आत्या स्वतःशी म्हणाल्या. त्या मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकल्या होत्या. त्यांनी एन रोवला, ओ रोवला, मोठं बटण दाबलं.

आणि मग चष्म्याच्या काचा लाल झाल्या. एक ओळ लाल, दहा ओळी लाल, चाळीस! मोठा पाहुणा दारातून परतला म्हटल्यावर त्याच्या भरवशावर आलेले निघाले, त्यांच्या भरवशावर आलेले त्यांच्यामागून निघाले. यादीतल्या चारपैकी तीन पॅकेजेसनी कळवलं की आम्ही बसू शकत नाही, माफ करा. हेनेलेच्या डोळ्यांसमोरून एकशे सत्तावीस होड्या पाठ फिरवून चालल्या.

"काय झालं रे? पेटी लाजली?"

हेनेले उठला आणि मांडवातून पळत सुटला. आमच्या बेटावर शनिवारी दुपारी मोठा माणूस पळाला तर लोक समजतात की वादळ येतंय. चार घरांनी खिडक्या लावून घेतल्या.

माआता दवाखान्याच्या पायरीवर वह्या रचून त्यांना दोरी बांधत होती.

"झालं?" तिने विचारलं.

हेनेलेने धापा टाकत सगळं सांगितलं. आत्या, चटई, कितिओने, देव. माआताने दोरीची गाठ नीट मारली.

"म्हणजे सूर्य मावळायला तीन तास," ती म्हणाली. "मावळला की रविवारची पाळणूक सुरू. रविवारी कुणी बटण दाबायचं नाही. आणि परवा आत्या पेटी घेऊन दहाच्या बोटीने जाणार."

"मी कचेरीला काय तोंड दाखवू, माआता?"

"तुमचं तोंड तसंही कुणी बघत नाही, दादा. चला."

ती मांडवात शिरली, वाकून गुडघ्यांवर आली आणि तशीच सरकत आत्यांच्या पायाशी जाऊन बसली. हेनेलेने ऐकलं ते एवढंच.

"आजी, हे पॅकेज माणसाचे दिवस नाही मोजत."

"हा तर म्हणाला मोजतं."

"हेनेलेदादांचं काय ऐकता? त्यांना स्वतःची पाच मिनिटं मोजता येत नाहीत." हेनेलेने मान खाली घातली. "मला पाय मोजायचेत, आजी. कुणाचा पाय किती दिवस टिकला. जो गुरुवारी माझ्याकडे येत राहिला त्याचा किती, आणि जो नाही आला त्याचा किती. तुमच्या धाकट्या जावेचा पाय कापला ना?"

"कापला. गुडघ्याखाली. ती येत नव्हती तुझ्याकडे?"

"दोनदा आली. मग होडी नाही म्हणाली."

"होडी होती," आत्या म्हणाल्या. "मासे धरायला होती." त्यांनी झाकणावरून हात फिरवला. वारा पडला होता. दूर कुणाचा तरी कोंबडा भलत्याच वेळी आरवला. "पायाचं चालेल. पाय देव माणसाच्या ताब्यात देतो. ये म्हणावं त्याला. कुठलं बटण ते पुन्हा सांग."

सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून बोलवावी लागली. या वेळी आत्यांनी कुणाचंच कूळ विचारलं नाही. वाय, ई, एस, मोठं बटण; वाय, ई, एस, मोठं बटण. बोट दुखलं तर दुसरं बोट. सूर्य समुद्राला टेकला तेव्हा उतरवणं संपलं होतं. फक्त कपडे शिवणं उरलं होतं, आणि ते यंत्र आपलं आपण करणार होतं. किती वेळ, ते सांगत नव्हतं.

आणि कितिओने नेमका त्याच वेळी जागा झाला.

"उद्या रविवार! पेटी बंद करा. यंत्रालाही रविवार आहे."

"कितिओने," आत्या म्हणाल्या, "कोंबडी अंड्यावर बसते ती रविवारी उठते का?"

"नाही..."

"तिला कुणी काम म्हणतं?"

"नाही."

"मग झाक तिला." आत्यांनी लॅपटॉपवर सालीचं रंगवलेलं कापड पांघरलं. "पण कुणी वाकून बघायचं नाही. बघितलं की अंडी नासतात."

तो रविवार हेनेलेच्या आयुष्यातला सर्वांत लांब रविवार होता. देवळात भजनं झाली, जेवणं झाली, पुन्हा देवळात भजनं झाली. बेट इतकं शांत, की समुद्रसुद्धा किनाऱ्याला विचारून लाट टाकत होता. हेनेले मांडवावरून सतरा वेळा गेला. कापडाखालून बारीक घरघर येत होती, आणि दर खेपेला त्याला वाटायचं की आत कुणीतरी एकशे सत्तावीस अंगरखे शिवत बसलंय, तोंडात सुया धरून. संध्याकाळी घरघर थांबली. झालं, की मेलं? बघायची सोय नव्हती. लोसालिने म्हणाली, "झोप आता." तो झोपला नाही.

सोमवारी आठ वाजता हेनेलेसह नऊही विद्यार्थी आपापले लॅपटॉप घेऊन मांडवात हजर झाले. आत्यांनी कापड बाजूला केलं. पडद्यावर एकही लाल ओळ नव्हती. हेनेलेने घाबरत घाबरत सांगितलं, माआताने बटणं दाखवली, आत्यांनी बोटं रोवली, आणि पांढऱ्या पडद्यावर निळी रेघ उमटली, भरती ओसरताना वाळूवर राहते तशी.

मग वाटप. आहेर आलेलं सगळंच आत्या स्वतःकडे ठेवत नाहीत, हे हेनेले शनिवारच्या धक्क्यात विसरलाच होता! चटया वाटल्या, रजया वाटल्या आणि पेटीतलं सगळं भरलेला पेनड्राइव्हही त्यांनी मानाप्रमाणे, एकेकाला समोर बसवून, दोन्ही हातांनी वाटला. कोण आधी यावरून दोघांत जुंपली, आत्यांनी दोघांना शेवटी टाकलं. नऊला दोन मिनिटं असताना नवव्या पडद्यावर रेघ आली. ज्याच्या पडद्यावर ती सर्वांत उशिरा आली तो हेनेले होता.

नऊ वाजता ऑकलंडच्या प्राध्यापिकाबाई पडद्यावर उगवल्या. नऊ रेघा बघून त्यांचा विश्वास बसेना. चार बेटांपैकी नऊच्या नऊ फक्त इथेच, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, या वर्गातून तुम्हाला काय हवंय ते एकेकाने सांगा.

माआता उभी राहिली. चौदा वह्या तिच्यासमोर होत्या. तिने अकरा वर्षं सांगितली. किती जण आले, किती येईनासे झाले, कुणाचा अंगठा गेला, कुणाचा गुडघ्याखाली पाय गेला, आणि कोण आज स्वतःच्या पायांनी देवळात येतो. आवाज चढवला नाही. प्राध्यापिकाबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले आणि म्हणाल्या, की या वर्गाचा पहिला धडा त्या वह्यांवरच होईल, आणि त्यातून जी रेघ निघेल ती त्या पत्र पाठवणाऱ्यांपुढे मी स्वतः ठेवीन. मांडवात कुणी हललं नाही. कितिओनेने रडू आवरण्यासाठी डोळे मिटले आणि झुलू लागला. हेनेलेला वाटलं, आता शब्द नकोत. आता फक्त ही शांतता राहू द्यावी.

तेवढ्यात उंच जागेवरून लुसेआने आत्यांनी लॅपटॉप बाजूला ठेवला, उजवा पाय उचलून सरळ माआताच्या वह्यांवर, ऑकलंडच्या समोर ठेवला आणि म्हणाल्या:

"पाय बघतेस ना, पोरी? मग तेवढं अंगठ्याचं नख कापून दे. दोन महिने झाले, मला वाकताच येत नाही."